किटली, झाकण आणि चमचा

मास्तरकीत चौतीस वर्षे काढली. मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून, इतिहास घेऊन. नेमणूक मराठी आणि इतिहास शिकवायला झाली होती, पण आमच्यासारख्या आडगावच्या शाळेला विज्ञानाचा शिक्षक टिकेना. आलेला माणूस सहा महिन्यांत बदली करून घ्यायचा. मग सातवीचे सामान्य विज्ञान माझ्या गळ्यात पडले ते जवळजवळ निवृत्तीपर्यंत. आदल्या रात्री कंदिलाशेजारी बसून धडा वाचायचा आणि सकाळी वर्गात जाऊन तो आपल्याला जन्मापासून येतो अशा थाटात सांगायचा, हा माझा क्रम. त्या काळात असे शिक्षक खेडोपाडी पुष्कळ होते, त्यामुळे लाज वाटायचे कारण नव्हते.

त्या विज्ञानात माझा हुकमी धडा म्हणजे जेम्स वॅट. त्यात गोष्ट होती ना! लहानगा जेम्स चुलीजवळ बसलेला. किटलीत पाणी उकळतेय. वाफेने झाकण थडथड उडतेय. जेम्स झाकण दाबून धरतो, पण ते पुन्हा उडते. आणि त्याच्या मनात विचार येतो, केवढी ही वाफेची शक्ती! पुढे मोठा होऊन त्याने वाफेचे इंजिन शोधून काढले. मी हे साभिनय सांगायचो. हाताने झाकण उडवून दाखवायचो. परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न ठरलेला असे.

१९८६ च्या सुमाराची गोष्ट. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी फारसे न बोलणारा. म्हणाला, "गुर्जी, आमचे अण्णा म्हणतेत, औष्णिकला वाफेचं परत पाणी करतेत. एवढं जळण घालून वाफ करायची अन् लगेच पाणी करायचं. मग जोर वाफेत असतो का पाण्यात?"

आमचे गाव परळीच्या औष्णिक वीज केंद्रापासून काही कोसांवर. गावातली दहा-वीस माणसे तिथे कंत्राटदाराकडे कामाला जात. त्याचे वडील त्यातलेच. मला उत्तर येत नव्हते. मी म्हणालो, "पुस्तकात आहे तेवढं लिहीत जा. बस खाली." वर्ग हसला. सहामाहीत त्या पोराने दोन मार्कांच्या प्रश्नाला लिहिले होते, 'वाफेचे थंड करून पाणी केले म्हणून इंजिन चालले.' मी तांबड्या शाईने फुली मारली आणि शून्य दिले.

हे सगळे मी विसरूनही गेलो असतो. पण काही वर्षांपूर्वी पुण्याला डिप्लोमा करणारी नात सुट्टीत आली, आणि तिने ओसरीवर बसून थंड पेयाचे रिकामे डबे, फुगा आणि सायकलची तार यांचे एक इंजिन केले. खाली मेणबत्ती लावली, वर थंड पाणी ठेवले, बोटाने चाक ढकलले, आणि ते टकटक फिरायला लागले. मी म्हटले, "छान! पण वाफ कुठे दिसत नाही ती?" ती म्हणाली, "आजोबा, यात वाफच नाही. आत नुसती हवा आहे. बाह्यज्वलन म्हणजे वाफच असं थोडंच आहे?" मी निवृत्त मास्तर. आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट नातीकडून ऐकली की ती मुळापासून वाचून काढल्याशिवाय झोप येत नाही. वाचायला बसलो, आणि वाचता वाचता त्या शून्य मार्कांपाशी येऊन ठेचकाळलो.

आधी शब्द नीट लावून घेऊ. विस्तव आत पेटतो ते अंतर्ज्वलन इंजिन. मोटारसायकल, ट्रक, शेतातले जुने ऑइल इंजिन हे सगळे त्यातले. इंधन सिलिंडरच्या पोटातच जळते आणि दट्ट्याला ढकलते. बाह्यज्वलनात विस्तव बाहेर असतो. तो पाण्याला किंवा हवेला तापवतो आणि ते तापलेले पाणी वा हवा पुढचे काम करते. विस्तवाने स्वतः दट्ट्याला शिवायचे नाही, असा सोवळ्यातला कारभार. त्यामुळे कोळसा, लाकूड, बगॅस, काहीही जाळा, चालते.

आता वॅट. पहिली चूक तर मी इतिहासाचा विद्यार्थी असूनही करत होतो. वॅट जन्मला १७३६ साली, आणि वाफेचे इंजिन त्याच्या जन्माआधी चोवीस वर्षे इंग्लंडात पाणी उपसत होते! ते केले थॉमस न्यूकोमेन याने. डेव्हन परगण्यातल्या डार्टमथ गावचा हा लोखंडी सामानाचा व्यापारी, बाप्टिस्ट पंथाचा, रविवारी प्रवचन करणारा. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला. खाणींना अवजारे पुरवता पुरवता त्याला दिसले की खाणी पाण्याने बुडताहेत आणि घोडे जुंपून पाणी हटत नाही. जॉन कॅली नावाच्या भागीदाराला घेऊन त्याने वर्षानुवर्षे खटपट केली आणि १७१२ साली डडली किल्ल्याजवळच्या एका कोळसा खाणीवर आपले इंजिन उभे केले.

उभे केले म्हणजे घरच बांधले. विटांची उंच इमारत, तिच्या भिंतीवर टेकलेली एक अजस्र लाकडी तरफ. तरफेच्या एका टोकाला खाणीत उतरणारा पंपाचा दांडा, दुसऱ्या टोकाला साखळीने बांधलेला दट्ट्या. दट्ट्याखालचा पितळी सिलिंडर २१ इंच व्यासाचा आणि जवळजवळ ८ फूट उंच. मिनिटाला १२ हेलकावे, दर हेलकाव्याला १० गॅलन पाणी, १५३ फूट खोलीवरून. हिशेब केला तर साडेपाच अश्वशक्ती भरते. म्हणजे आपल्याकडे आज विहिरीवर शेतकरी जी पाचची मोटर टाकतो, तेवढेच काम! आणि त्यासाठी एक इमारत, एक बॉयलर आणि ढीगभर कोळसा. पण हसू नका. घोडे दमत, हे दमत नव्हते.

आता गंमत अशी की या इंजिनात वाफ दट्ट्याला ढकलतच नाही. वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा नावापुरताच जास्त. पंपाकडच्या दांड्याचे वजन जास्त असल्याने तरफ तिकडे झुकते, दट्ट्या आपसूक वर येतो आणि सिलिंडरमध्ये वाफ भरते. मग झडप बंद. मग सिलिंडरच्या आत थंड पाण्याचा फवारा. वाफेचे क्षणात पाणी होते. एक लिटर पाण्याची साधारण सोळाशे लिटर वाफ होते, तेव्हा उलट फिरताना केवढी पोकळी तयार होत असेल याचा अंदाज करा. आत काही उरले नाही, आणि वर मात्र सगळ्या वातावरणाचे ओझे. २१ इंची दट्ट्यावर ते पूर्ण पोकळी असेल तर सव्वादोन टन होते. प्रत्यक्षात आत थोडी वाफ आणि हवा राहतेच, म्हणून तेवढे मिळत नसे. पण त्यातले जे मिळे, त्याने दट्ट्या धाडकन खाली येई आणि पलीकडे पाणी वर.

हे वाचले आणि मी खुर्चीतच बसून राहिलो. कारण हा प्रयोग मी स्वतः वर्गात दरवर्षी करून दाखवत होतो! गोडेतेलाचा पत्र्याचा डबा घ्यायचा, त्यात थोडे पाणी उकळायचे, वाफ भळभळा यायला लागली की विस्तवावरून काढून घट्ट बूच लावायचे आणि वरून गार पाण्याचा तांब्या ओतायचा. कडाड्कन आवाज होऊन डबा चेपून जायचा. पोरे टाळ्या पिटायची. तो 'हवेचा दाब' या धड्यातला प्रयोग. आणि वॅट 'शोध आणि संशोधक' मध्ये. मधे शंभर पाने. तो चेपलेला डबा म्हणजेच पहिले वाफेचे इंजिन आहे, हे त्या शंभर पानांच्या पलीकडे मला कधी दिसले नाही. त्या पोराला मात्र दिसले होते, त्याच्या परीने.

सिलिंडरच्या आत थंड पाणी सोडायची युक्तीही म्हणे अपघातानेच कळली. आधी थंड पाणी सिलिंडरच्या बाहेरून फिरवत. एकदा डागाच्या जागी भोक पडून ते पाणी आत शिरले आणि दट्ट्या इतक्या जोरात खाली आला की साखळी तुटली. ही हकिगत मार्टिन ट्रीवाल्ड नावाच्या स्वीडिश गृहस्थाने लिहून ठेवली आहे, आणि तो न्यूकोमेनच्या इंजिनांवर स्वतः काम केलेला माणूस होता.

पन्नास वर्षे ही इंजिने अशीच चालली. त्यांचा एकच दोष, भयंकर खादाड. कोळशात जेवढी उष्णता असते त्यातला शंभरावा भागही कामाला येत नसे. पण कोळसा खाणीच्या तोंडाशीच बारीक चुऱ्याचे ढीग पडलेले, ते कोण विकत घेणार? तिथे खादाडपणा खपून गेला. खरी अडचण होती कॉर्नवॉलच्या तांब्या-कथलाच्या खाणींची. तिथे कोळसा नाही, तो समुद्रावरून वेल्समधून यायचा.

आता आपला जेम्स. १७६३-६४ च्या हिवाळ्यात तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता आणि ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करायचे काम करत होता. वर्गात दाखवायचे न्यूकोमेन इंजिनचे एक चिमुकले नमुना-यंत्र त्याच्याकडे आले. (हे यंत्र आजही ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहे.) सिलिंडर फक्त २ इंच व्यासाचा. वॅटने ते दुरुस्त केले, पण ते चार-सहा हेलकावे देऊन गप्प बसे. बॉयलरची वाफ पुरेचना. दुसरा कारागीर असता तर 'खेळण्यातलेच आहे, एवढेच चालायचे' म्हणून परत पाठवले असते. वॅट मोजायला लागला. त्याला आढळले की सिलिंडर भरायला जेवढी वाफ लागायला हवी, तिच्या कितीतरी पट वाफ दर वेळी खर्च होतेय. जाते कुठे? सिलिंडर तापवण्यात! दर खेपेला थंड पाणी मारून सिलिंडर गार करायचा, आणि दर खेपेला नवी वाफ घालून तोच पुन्हा तापवायचा. लहान यंत्रात आतल्या जागेच्या मानाने धातू जास्त, म्हणून तिथे हा तोटा डोळ्यांवर आला. मोठ्या इंजिनात तो सगळ्यांदेखत पन्नास वर्षे चालला होता.

आणखी एक गोष्ट त्याला चक्रावून गेली. थोड्याशा वाफेचे पाणी करायला थंड पाणी फारच लागत होते. त्याने पारख केली ती कशी, ऐका. चहाच्या किटलीच्या तोटीला काचेची वाकडी नळी लावली, तिचे दुसरे टोक थंड पाण्यात बुडवले आणि वाफ त्या पाण्यात सोडली. एक भाग पाण्याची वाफ आपल्या सहापट वजनाच्या थंड पाण्याला उकळीपर्यंत नेते, असे त्याला आढळले. म्हणजे किटली होती हो! गोष्टीत किटली खरीच होती. पण कामाला आली ती तोटी, झाकण नव्हे. त्याच विद्यापीठातले प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांना त्याने हे सांगितले, तेव्हा त्यांनी आपला अप्रकट उष्म्याचा सिद्धान्त त्याला समजावून सांगितला. पाण्याची वाफ होताना ती जी उष्णता गुपचूप पोटात घेते, तीच पाणी होताना परत बाहेर टाकते.

आता कोडे असे: वाफ थंड तर केलीच पाहिजे, नाहीतर पोकळी नाही, जोर नाही. आणि सिलिंडर थंड होता कामा नये, नाहीतर कोळसा वाया. एकाच भांड्याने एकाच वेळी गरम आणि गार कसे राहायचे? १७६५ च्या मे महिन्यात एका रविवारी दुपारी वॅट ग्लासगो ग्रीन या कुरणावर फिरायला गेला. धुण्याच्या जागेवरून पुढे गेला आणि थोड्याच अंतरावर त्याला उत्तर सुचले. वाफ लवचिक आहे, पोकळी दिसली की तिकडे धावेल. तर मग शेजारी दुसरे भांडे ठेवावे, ते कायम थंड ठेवावे, आणि वाफेला तिकडे बोलवावे. सिलिंडर कायम गरम, शेजारचे भांडे कायम थंड. संपले! पण वार रविवार, आणि स्कॉटलंडात रविवारी काम करणे म्हणजे पाप. दुसऱ्या दिवसापर्यंत तो कसा थांबला असेल कोण जाणे. मग वैद्यांची एक मोठी पितळी पिचकारी सिलिंडर म्हणून घेऊन त्याने प्रयोग केला आणि तो साधला.

वॅटने जे शोधले ते हेच, वेगळा संघनक. आपण ज्याला कंडेन्सर म्हणतो तो. ५ जानेवारी १७६९ च्या त्याच्या पेटंटाचे नावसुद्धा वाफेच्या शक्तीबद्दल नाही, वाफेचा आणि इंधनाचा खर्च कमी करण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

मग झाकणाची गोष्ट आली कुठून? तीही शोधली. वॅटची एक आतेमामे नात्यातली बहीण, मॅरियन कॅम्बेल, हिने १७९८ साली आठवणी लिहवून ठेवल्या. तोवर वॅट बासष्ट वर्षांचा आणि जगप्रसिद्ध. त्यात असे आहे की, एका संध्याकाळी मावशी म्युरहेडबाई त्याला रागावल्या, की मुला, तू किती आळशी, तासभर एक शब्द बोलला नाहीस, पुस्तक हातात घेतले नाहीस. नुसते त्या किटलीचे झाकण काढतोस, लावतोस. आणि वाफेवर कधी कप, कधी चांदीचा चमचा धरून त्यावर जमणारे थेंब मोजत बसतोस.

चमचा! इतिहासाच्या कसोटीला हा पुरावा कच्चाच. माणूस मोठा झाल्यावर घरच्यांना आठवणारे बालपण नेहमी सोयीचे असते, हे आम्ही शिवचरित्राच्या बखरी वाचताना शिकलोच आहोत. पण कच्चा म्हटला तरी मूळ कथेतला मुलगा झाकणाचा जोर बघत नाहीये. तो थंड चमच्यावर वाफेचे पाणी होताना बघतोय. पुढे ही कथा फ्रेंच पंडित अरागो याने वॅटवरच्या भाषणात घेतली, चरित्रकारांनी घेतली, चित्रकारांनी चित्रे काढली, आणि या हातातून त्या हातात जाताना चमचा गळून पडला. झाकण राहिले. उडणारे झाकण चित्रात छान दिसते, थेंब दिसत नाही. शेवटचा हात माझा. मी तर वर्गात ते झाकण उडवून दाखवत होतो.

संघनक सुचला १७६५ ला, पण पहिली इंजिने कामाला लागली १७७६ ला. मधली अकरा वर्षे वॅटने कालव्यांची मोजणी करून पोट भरले. त्याचा पहिला भांडवलदार रोबक बुडाला, बायको वारली. मग बर्मिंगहॅमचा कारखानदार बोल्टन भेटला आणि तोफा कोरणारा विल्किन्सन भेटला. सिलिंडर नितळ गोल असल्याशिवाय दट्ट्या वाफ धरून ठेवत नाही, आणि तसा तो विल्किन्सनने तोफेच्या नळीसारखा कोरून दिला. बोल्टन आणि वॅट यांनी पैसे घ्यायची पद्धतही नामी काढली. न्यूकोमेनच्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्या बचतीचा तिसरा हिस्सा आम्हाला. जुन्या इंजिनांच्या मानाने पाऊण कोळसा वाचत असे, तेव्हा हा सौदा आधी खाणवाल्यांना आवडला आणि मग टोचायला लागला. कॉर्नवॉलचे लोक कज्जे खेळून थकले. पार्लमेंटने वॅटचे पेटंट १८०० सालापर्यंत वाढवून दिले होते आणि तोवर वॅटने दुसऱ्या कुणाला संघनक वापरू दिला नाही. शिवाय जास्त दाबाची वाफ त्याला मुळीच नको होती. बॉयलर फुटेल म्हणायचा. त्याचे खोटे नव्हते, पण हे वाचताना मला तो किटलीवाला पोर आठवेना, पेढीवर बसलेला शेटजी दिसायला लागला.

झाकणाची गोष्ट खरी ज्याची म्हणायला हवी तो रिचर्ड ट्रेविथिक. कॉर्नवॉलचाच, खाणीच्या मुकादमाचा मुलगा. वॅटचे पेटंट संपले आणि याने जाड बॉयलरात दाबाची वाफ कोंडून तिच्याच धक्क्याने दट्ट्या हलवला. संघनक नाही, पोकळी नाही. काम झाले की वाफ धुराड्यातून बाहेर. म्हणून इंजिन लहान झाले आणि चाकांवर बसले. २१ फेब्रुवारी १८०४ रोजी वेल्समध्ये पेनीडॅरनच्या रुळांवरून त्याने १० टन लोखंड आणि शिवाय सत्तरेक माणसे ओढून नेली. १८०३ मध्ये ग्रिनिचला त्याचा एक बॉयलर फुटून माणसे मेली होती, आणि वॅटचा पक्ष 'बघा, सांगत होतो' म्हणायला मोकळा झाला होता. ट्रेविथिक १८३३ साली कफल्लक मेला.

लहानपणी कुर्डुवाडीला बार्शी लाइटचे इंजिन सोंडेतून पाणी पिताना आम्ही तासन् तास बघायचो. ते ट्रेविथिकचे वंशज. त्याचे छुक् छुक् म्हणजे धुराड्यात सोडलेली वापरून झालेली वाफ. ती परत मिळत नाही म्हणून तर स्टेशनास्टेशनावर पाणी. वाफेचे इंजिन म्हणजे डोळ्यांसमोर तेच, त्यामुळे झाकणाची गोष्ट आम्हाला कधी खटकली नाही. ज्याचा बाप औष्णिकला जात होता त्यालाच ती खटकली.

नातीच्या डब्याकडे येतो. ते इंजिन रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश पाद्र्याचे. १८१६ साली, वयाच्या पंचविशीत, चर्चची दीक्षा घेतली त्याच वर्षी त्याने पेटंटही घेतले. बंद भांड्यात ठरावीक हवा. ती आळीपाळीने गरम टोकाकडे आणि गार टोकाकडे ढकलायची. गरम झाली की फुगते, गार झाली की आकसते, दट्ट्या मागेपुढे होतो. इथपर्यंत ठीक. पण खरी बुद्धी पुढे आहे. गरम टोकाकडून गार टोकाकडे जाताना हवेने आपली उष्णता मधल्या धातूच्या पत्र्यांच्या वा तारांच्या गुंत्यात ठेवून जायची, आणि परत येताना उचलून घ्यायची. थंडीत पहाटे मोटेवर जाणारा माणूस नाकातोंडावरून उपरणे गुंडाळतो ना? बाहेर पडणारा श्वास उपरणे ऊबदार करतो आणि आत जाणारा ती ऊब घेऊन जातो. तसेच. वॅटने गरम आणि गार वेगळे केले. स्टर्लिंगने त्यांच्यामध्ये उंबऱ्यावर एक ठेव ठेवली.

१८१८ मध्ये असे एक इंजिन दगडाच्या खाणीवर पाणी उपसत होते. पुढे भाऊ जेम्स याच्या मदतीने डंडीच्या ओतकामाच्या कारखान्यात १८४३ पासून एक मोठे इंजिन चालले. पण गरम टोकाचे ओतीव लोखंड सतत विस्तवात राहून जळायचे आणि तडकायचे. पुन्हा पुन्हा बदलून शेवटी १८४७ मध्ये तो नाद सोडला. त्याच्या कल्पनेला साजेसे पोलाद तेव्हा नव्हते. स्टर्लिंग १८७८ मध्ये सत्त्याऐंशी वर्षांचा होऊन गेला, शेवटपर्यंत गॅल्स्टन गावचा पाद्री. त्याची युक्ती पुढे स्वीडनच्या पाणबुड्यांत गेली, कारण तिथे आवाज नको असतो.

या सगळ्यांचे शास्त्र सांगितले ते सादी कार्नो या फ्रेंच तरुणाने, १८२४ साली, एका लहानशा पुस्तकात. पाणी उंचावरून खाली पडते म्हणून पाणचक्की फिरते, तशी उष्णता गरमाकडून गाराकडे उतरते तेव्हाच इंजिन चालते. दोहोंत जेवढे अंतर, तेवढा लाभ होण्याची शक्यता. नुसता विस्तव कितीही मोठा पेटवा, पलीकडे थंडावा नसेल तर चाक हलायचे नाही. पुस्तकाकडे कोणी पाहिले नाही आणि कार्नो १८३२ साली छत्तिसाव्या वर्षी पटकीने गेला.

पलीकडचा थंडावा म्हणजे काय, ते आम्ही मराठवाड्यातल्या लोकांनी २०१५ साली पाहिले. परळीचे केंद्र बंद पडले. कोळसा होता, माणसे होती, पाणी नव्हते. २०१३ च्या दुष्काळातही ते बंद पडले होते, पण या वेळी बंद राहिले ते २०१६ चा पावसाळा येईपर्यंत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, आणि ते ज्या मार्गाने आले तो पुष्कळसा जुन्या बार्शी लाइटचा. पारावर लोक विचारायचे, "कोळशावर वीज करतेत तर पाणी एवढं कशाला लागतंय?" मी तिथेच बसलेलो होतो. तेव्हाही मला नीट सांगता आले नाही. आज सांगतो. कोळशाच्या उष्णतेतला ढोबळ मानाने तिसरा हिस्साच वीज होतो. उरलेल्यातला मोठा भाग संघनकात जातो. तिथे टर्बाइनमधून निघालेल्या वाफेचे पाणी होते, पोकळी तयार होते आणि ती पोकळी मागच्या वाफेला ओढून घेते. तो संघनक थंड ठेवायला पाणी फिरवायचे आणि ते पाणी गार करायला ते उंच, कंबरेत आवळलेले मनोरे. त्यांतून जो धूर निघतो म्हणून आपण बोट दाखवतो तो धूर नव्हे, धरणाचे पाणी वाफ होऊन आकाशात जात असते. वॅटचे शेजारचे भांडे ते हेच. अडीचशे वर्षांत टर्बाइन आला, दाब शेकडो पट वाढला, पण ते भांडे काढून टाकता आले नाही.

जोर वाफेत असतो का पाण्यात, हा प्रश्न १९८६ साली सातवीच्या पोराने विचारला होता.

गेल्या दिवाळीनंतर परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेलो तेव्हा चौकशी करून त्याच्याकडे गेलो. दहावीनंतर शिकला नाही. मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे, चांगले चालते. आता त्याचीही कानशिले पिकली आहेत. ओळखले, पाया पडला, स्टूल पुसून दिले. मी सगळे सांगितले. डबा, पिचकारी, चमचा, ते शून्य. म्हटले, तुझे बरोबर होते, माझे चुकले. तो हसायला लागला. "गुर्जी, तुम्ही अजून धरून बसलाव व्हय ते? मला तर आठवत बी नाही." खरेच आठवत नव्हते. वर्ग हसला तेवढे मात्र आठवते म्हणाला.

मग जरा वेळाने तोच बोलायला लागला. अण्णा कंत्राटावर कंडेन्सरच्या नळ्या साफ करायला जायचे. संच बंद ठेवला की बोलावणे यायचे. हजारांनी नळ्या, एकीत एक बोटभर जागा. या टोकाने लांब गजाने ब्रश ढकलायचा, त्या टोकाला गाळ पडायचा. रात्रपाळी करून घरी आले की बोटांच्या पेरांत काळा चिखल बसलेला असायचा, आई राखेने घासायची तरी निघत नव्हता. "पोटात असं गार असतंय म्हणायचे, अन् दोन हातावर बॉयलर," तो म्हणाला. तेवढ्यात एक शेतकरी जळालेली पाचची मोटर मोटारसायकलला बांधून घेऊन आला. त्याचे पाणी दोन दिवस तटले होते. तो उठला, मोटर खाली उतरवून घेतली आणि तिचे झाकण खोलायला बसला.